चमचाभर विरजण

जानेवारीतली गोष्ट. रात्रीचे दहा-सव्वादहा झाले असतील, नाशिकची थंडी काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, मी गोधडीत शिरून मोबाईल बघत पडले होते आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. "कोणाकडे थोडं विरजण मिळेल का? दूध कोमट करून ठेवलंय." नंबर माझ्याकडे सेव्ह नव्हता, फोटोच्या जागी कुठल्यातरी फुलाचं चित्र. माझ्या फ्रिजमध्ये पातेलंभर दही होतं, संध्याकाळीच बघितलं होतं, घट्ट, वर पिवळसर सायीचा थर. मी मेसेज वाचला आणि पहिला विचार आला तो हा, की देईल कोणीतरी. ग्रुपमध्ये १७० माणसं आहेत, बारा मजल्यांची बिल्डिंग, एवढ्यांत कोणाकडे दही नसेल असं होईल का. आता उठा, स्वेटर चढवा, वाटी शोधा, कोणता फ्लॅट ते विचारा, लिफ्टची वाट बघा. मोबाईल उशीखाली ठेवला आणि झोपले. सकाळी बघते तर त्या जागी "हा मेसेज डिलीट केला आहे" एवढंच. खाली कोणाचंच उत्तर नाही, त्याच्याखाली थेट कोणाचं तरी सूर्योदयाच्या फोटोचं सुप्रभात.

त्या दुधाचं काय झालं असेल?

हा प्रश्न मला पुढे कितीतरी दिवस सोडेना. म्हणजे बघा, कोमट दूध थांबत नाही. बाई दूध तापवते, बोट बुडवून बघते, बोटाला सोसेल असं झालं की तेवढ्यातच विरजण लागतं, थंडीत तर ते पंधरा-वीस मिनिटांत गार होऊन जातं. म्हणजे ती मोबाईल ओट्यावर ठेवून त्या पातेल्याजवळ उभी असणार, मधून मधून पातेल्याला हात लावून बघत असणार, आणि शेवटी कधीतरी तिने तो मेसेज पुसला असणार. मेसेज पुसला हेच मला जास्त लागलं. मागितलं आणि मिळालं नाही हे एक, पण मागितल्याची खूणसुद्धा राहू नये असं तिला वाटलं, त्यात माझा वाटा होता.

मी वाढले पंचवटीत, वाड्यात. चौक, मध्ये नळ, चारी बाजूंनी बिऱ्हाडं, आमच्या दारातून थेट समोर चार दारं दिसायची. विरजण मागायला मला किती वेळा धाडलं असेल त्याची मोजदाद नाही. आजी वाटी हातात द्यायची, "समोरच्या काकूंकडून आण, आणि आंबट असलं तर पलीकडच्यांकडून." दारात उभं राहून "काकू, विरजण" एवढं म्हणायचं, प्लीज नाही की थँक्यू नाही. काकू हातातलं काम न सोडता डाव्या हाताने फडताळातलं पातेलं ओढायच्या, चमच्याने साय बाजूला करायच्या आणि खालचं घट्ट दही वाटीत टाकायच्या, साय त्या ठेवून घ्यायच्या, ते मला तेव्हाही कळायचं. थंडीत आजी पातेलं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती वाटी परत जायची पण रिकामी नाही, तिच्यात दोन लिंबं, मूठभर शेंगदाणे, नाहीतर चटणी. वाटी रिकामी धाडायची नाही हे आमच्याकडे कोणी शिकवलं असं आठवत नाही, ते नुसतं होतं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं अशी बातमी आली की खालच्या बिऱ्हाडांची धान्याची पोती वरच्यांच्या खोल्यांत जायची, तेही न विचारता.

मग त्याच मुलीला चाळीस वर्षांनी चमचाभर दही घेऊन लिफ्टमध्ये जाववलं नाही, हे कसं? मी वाईट झाले का? हे मी लेकीला विचारलं, अगदी खरं उत्तर हवं म्हणून विचारलं. ती कॉलेजात शिकते, तेव्हा तिचा कसला तरी प्रोजेक्ट चालू होता गेम थिअरीवर, लोकांच्या जाळ्यात सहकार कसा टिकतो असा काहीसा विषय. ती म्हणाली, "आई, बस इथे, दाखवते." आणि पुढचे आठ-दहा दिवस रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी लॅपटॉपपुढे बसायचो.

कैद्यांचा पेच बहुतेकांना माहीत असतो, १९५० साली अमेरिकेत फ्लड आणि ड्रेशर या दोघांनी मांडलेला. दोघांनी एकमेकांना धरून राहावं यात दोघांचं भलं, पण प्रत्येकाला एकट्याने पाहिलं तर दगा देण्यातच फायदा, म्हणून दोघंही बुडतात. एकदाच खेळायचा असेल तर यातून सुटका नाही. पण माणसं परत परत भेटतात. १९८० च्या सुमारास मिशिगनमधल्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड या प्राध्यापकाने लोकांकडून कॉम्प्युटर प्रोग्रॅम मागवले आणि त्यांची एकमेकांशी स्पर्धा लावली, प्रत्येक सामन्यात पुष्कळ डाव. पहिल्या वेळी १४ आले, दुसऱ्या वेळी ६२, भले भले हुशार लोक, आणि दोन्ही वेळा जिंकला सगळ्यात साधा, अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला, टिट फॉर टॅट, म्हणजे जशास तसं. पहिल्यांदा चांगलं वागायचं, नंतर समोरचा मागच्या वेळी जसं वागला तसं. लेकीने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली, की हा प्रोग्रॅम कोणत्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही, फार तर बरोबरी, तरी सगळे सामने धरले की पहिला. मी म्हटलं अगं ही तर सावड. आमच्या वडिलांचं गाव बागलाणात, सटाण्याकडे, तिथे पेरणी-सोंगणीला आज यांच्या वावरात सगळे, परवा त्यांच्या वावरात सगळे, मजुरीचा पैसा नाही, पण कोणाचा किती दिवस कोणावर आहे हे प्रत्येक बाईला तोंडपाठ. आणि जो सावड फेडायला येत नाही त्याच्या वावरात पुढच्या वर्षी कोणी जात नाही, भांडण नाही, बोलणं नाही, नुसतं जात नाही.

गावाचा विषय निघाला की मला फड आठवतोच. मोसम, आरम या आमच्याकडच्या नद्या, खाली धुळ्याकडे पांझरा, यांच्यावर शेकडो वर्षांचे बंधारे, आणि त्या पाण्याखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी पाटकरी देणार, शेतकऱ्याने स्वतः पाटाला हात लावायचा नाही, राखायला जागल्या, सगळ्यांवर हवालदार, आणि त्यांचा मोबदला धान्यात. बऱ्याच जणांची जमीन थोडी थोडी सगळ्या फडांत असायची, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायचा ठरलं तर तोटा एकट्याच्या अंगावर यायचा नाही. वडील सांगायचे, लहान असताना त्यांनी एकदा खेळता खेळता पाटाचा मातीचा बांध पायाने फोडला, त्यांच्याच वावराकडे पाणी वळलं, हातभर रुंद धार, चिखल घेऊन पळत सुटली. पाटकऱ्याने ओरडून काही सांगितलं नाही. तो खाली बसला, दोन्ही हातांनी ओला गारा ओढून फट लिंपली, वर गवताचं ढेकूळ दाबलं, आणि संध्याकाळी आजोबांना म्हणाला, "पोरगं मोठं होतंय, त्याला पाट दाखवा." बस एवढंच. वडिलांनी मरेपर्यंत ती गोष्ट सांगताना मान खाली घातलेली मी पाहिली आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या अभ्यासासाठी, की पाणी, कुरण, जंगल अशी सामाईक गोष्ट लोक आपापसात नियम करून नीट सांभाळू शकतात, सरकारच पाहिजे किंवा मालकच पाहिजे असं नाही. तेव्हा ती बातमी वाचून मला वडिलांना फोन करावासा वाटला होता. ते तोवर गेले होते.

पण सावड काय, फड काय, तिथे हिशोब लक्षात राहतो, नावं माहीत असतात. लेकीने दाखवलेली पुढची गोष्ट मात्र मला झोपू देईना. तिच्या स्क्रीनवर चौकोनच चौकोन, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे, निळे म्हणजे देणारे, लाल म्हणजे नुसते घेणारे. कोणाला काही आठवण नाही, अक्कल नाही, सूड नाही. प्रत्येक ठिपका फक्त भोवतालच्या आठ जणांशी खेळतो, मग आजूबाजूला ज्याला सगळ्यात जास्त मिळालं त्याचं बघून तसाच होतो. मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे या दोघांनी १९९२ साली हे छापलं. सगळ्यांना सगळ्यांशी मिसळून खेळायला लावलं तर लाल जिंकतात, निळं एकही उरत नाही, हे आधीपासून माहीत होतं. पण जागा दिली, शेजार दिला, की निळे मरत नाहीत. एकटा निळा कुठे पडला तर संपतो, पण चार-सहा निळे एकमेकांना लागून असले की त्यांच्या आतल्या अंगाला लाल पोचतच नाही, ते एकमेकांना देत राहतात, आणि कडेचे लाल त्यांच्याकडे बघून निळे होतात. पडदा सतत हलत राहतो, कुठे लाल घुसतं, कुठे निळा पुंजका फुटून दोन होतात. मी चष्मा पुसून पुसून बघत होते. एका कोपऱ्यात निळ्यांचा एक लहानसा चौकोन बराच वेळ टिकून होता, मला उगाच त्यात आमचा चौक दिसायला लागला, नळासकट.

मग २००६ सालचं एक सूत्र. ओत्सुकी, हाउअर्ट, लिबरमन आणि नोवाक या चौघांचं. त्याच्या काही अटी आहेत, पण गाभा एका ओळीत मावतो. देणाऱ्याला जेवढं पडतं त्याच्या किती पट घेणाऱ्याला मिळतं, तो आकडा माणसाच्या सरासरी शेजाऱ्यांच्या संख्येपेक्षा मोठा असेल, तर देण्याची रीत टिकते. शेजारी जेवढे कमी तेवढं देणं सोपं टिकतं. मी मनातल्या मनात लगेच दह्याचा हिशोब घातला, शास्त्रज्ञांना चालेल की नाही माहीत नाही, पण घातला. एक चमचा विरजणात अर्धा लिटर दूध लागतं, म्हणजे तीस-पस्तीस पट. वाड्यात शेजारची दारं चार. तीस हे चारपेक्षा कितीतरी मोठं. ग्रुपवर १७०. तीस हे १७० पुढे काहीच नाही. लेक म्हणाली, "आई, तू वाईट नाही झालीस, तुझे शेजारी वाढले." तिने ते मायेने म्हटलं, मला कळलं, पण मला त्याने बरं नाही वाटलं.

कारण खरं तर त्या रात्री जे झालं त्याला वेगळंच नाव आहे, तेही तिनेच काढून दिलं. १९८५ साली आंद्रेआस डीकमन या समाजशास्त्रज्ञाने मांडलेला 'स्वयंसेवकाचा पेच', कोणीतरी एकाने पुढे व्हायचं असतं, एक झाला की सगळ्यांचं भागतं. गणित असं निघतं की माणसं वाढली की प्रत्येक जण मागे सरकतो, हे आपल्यालाही कळतं, पण कोणीच पुढे न येण्याची शक्यतासुद्धा वाढते. काम झाल्याने जेवढं भलं होतं त्याचा दहावा भाग जर पुढे होणाऱ्याला पडत असेल, तर दोघंच असताना शंभरात एकदा काम अडतं, आणि शेकडो असताना जवळजवळ दहात एकदा. म्हणजे एवढ्या लोकांत कोणीतरी देईलच हा जो माझा गोधडीतला विचार होता, तो विचारच मुळात उलटा होता, आणि त्या रात्री कितीतरी जणांनी तोच केला असणार. तिने दोनच घरांना विचारलं असतं तर मिळालं असतं. पण कोणत्या दोन घरांना विचारणार, तिला तरी कोण माहीत होतं.

वाडा चांगला आणि टॉवर वाईट असं मात्र मला म्हणायचं नाही. आमच्या चौकात भांडी घासायला एक मावशी यायच्या, त्यांचा कप वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला, कान तुटलेला. त्यांना पाणी वरून ओतून दिलं जायचं, ओंजळीत. विरजणाची वाटी चारी दारांतून फिरायची, पण ती मावशींच्या घरून कधी आली नाही आणि त्यांच्या घरी कधी गेली नाही. हे मी रोज बघत होते आणि तेव्हा त्यात काही दिसलं नाही. वाड्यापासून काळाराम मंदिर चालत पाच मिनिटं. २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड पुढे उभे राहिले, वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही, शेवटी १९३५ साली आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. दार धरून आत उभे असलेले लोक आपापसात विरजण देणारेच असणार. स्क्रीनवरच्या निळ्या चौकोनाकडे बघताना मला हेही दिसायला लागलं, की आतले एकमेकांना धरून असतात म्हणूनच कधी कधी बाहेरच्याला आत येता येत नाही. ठिपक्यांना जात नसते. माणसांच्या पुंजक्याला असते.

हे मी लेकीला बोलले तर ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने एक प्रयोग सांगितला, २०११ चा, डेव्हिड रँड आणि त्याच्या सोबत्यांचा, खऱ्या माणसांवर केलेला. लोकांना जाळ्यात बसवून खेळ दिला. जाळं गोठवलेलं असलं, किंवा दर वेळी कोणीतरी पत्ते पिसल्यासारखं बदललं, तर देणं हळूहळू आटत गेलं. पण लोकांना स्वतःला संबंध तोडायला आणि नवे जोडायला वारंवार मुभा मिळाली तिथे देणं टिकून राहिलं. म्हणजे शेजार जन्माने चिकटलेला नको आणि पत्त्यासारखा पिसलेलाही नको, आपण जोडलेला हवा. मला पंचवटी एक्सप्रेस आठवली. माझा नवरा अकरा वर्षं मुंबईला अपडाऊन करायचा, पासधारकांचा त्यांचा ग्रुप, कोण कुठला, कोणत्या समाजाचा, कोणाला विचारायची गरज पडली नाही, एकाने जागा धरायची, एकाने पेपर आणायचा, एकाच्या डब्यातली भाजी सगळ्यांनी खायची, आणि माझ्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा रात्री रक्त द्यायला आलेले तिघंही त्याच डब्यातले होते.

तोवर तीन आठवडे उलटले होते. एका रविवारी मी तो डिलीट झालेला मेसेज वर सरकवत सरकवत शोधला, नंबर घेतला, वॉचमनला दाखवला, तो म्हणाला नववा मजला, ९०३. वाटीत दही घेतलं, साय न काढता, वर झाकणी ठेवली, आणि गेले. दार उघडलं एका तरुण मुलीने, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ, मागे कुकरची शिट्टी. मी कोण, कशाला आले, सांगताना माझीच जीभ अडखळायला लागली. ती आधी गोंधळली, मग तिला आठवलं. "अहो काकू, त्या दिवशी मग आईने जळगावहून फोनवर सांगितलं, मिरचीची देठं टाक. टाकली. लागलं दही, पण तार सुटली त्याला. आता मी ॲपवरूनच मागवते, दहा मिनिटांत येतं." तिने वाटी घेतली, थँक्यू म्हणाली, बाळाला "आजीला टाटा कर" म्हणाली. दार लागलं. मी लिफ्टसमोर उभी, आणि मला बरं वाटत होतं की नाही तेच कळेना. बाळाची खोकल्याची घरघर मात्र कानात राहिली, आणि हेही, की त्या रात्री दही बाळासाठीच हवं असेल का, हे मी विचारलंच नाही.

वाटी बाराव्या दिवशी परत आली. वॉचमनच्या हाती, प्लास्टिकच्या पिशवीत, लखलखीत घासलेली. रिकामी.

खोटं कशाला सांगू, लागलं मला. आजी असती तर तिने वाटी हातात घेऊन फिरवून बघितली असती आणि काहीच बोलली नसती. दोन दिवस वाटी ओट्यावर तशीच पालथी होती. मग लेकीला म्हटलं, तुझ्या त्या जशास तसं वाल्याने आता काय केलं असतं. तिने सांगितलं की त्याचं दुखणं हेच आहे, एकाकडून चुकून काही झालं की दुसरा फेडतो, मग पहिला फेडतो, आणि दोघं चांगले असूनही कायमचे अडकतात, कारण त्याला चूक आणि दगा यातला फरक कळत नाही. म्हणून नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९२ साली दाखवलं की जो मधून मधून सोडून देतो, साधारण तीन वेळांतून एकदा, तो अशा चुका होणाऱ्या जगात जास्त चांगला टिकतो. मी विचार केला, रिकामी वाटी परत करायची नाही हे हिला कोणी सांगितलं असेल का. हिच्या आईच्या घरी चार दारं होती का. तिने तर वाटी घासून, पुसून, पिशवीत घालून पाठवली, तिच्या लेखी ते नीटच होतं.

काल शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. वाटी भरली, वरून झाकणी, खाली फडकं, आणि संध्याकाळी सातला ९०३ ची बेल वाजवली. या वेळी तिने बेल वाजल्या वाजल्या दार उघडलं, आमटीचा वास घेतला, काही न बोलता वाटी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मी म्हटलं, "बाळाचा खोकला कसा आहे?" ती म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, त्या दिवशी ऐकलं होतं. मी वळले, लिफ्टचं बटण दाबलं, तर मागून "काकू, थांबा थांबा, एक मिनिट" म्हणत ती वाटी घेऊन आत पळाली, बाळाला खाली सतरंजीवर ठेवून. दार उघडंच होतं. लिफ्ट आली, थांबली, निघून गेली. आतून स्टीलच्या डब्यांची झाकणं एकामागून एक उघडल्याचे आवाज येत होते.